दोन्ही नाड्या बघा, डॉक्टरसाहेब

तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या ठिकाणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाचा रुग्ण सगळ्यांत आधी ज्यांच्यासमोर येऊन बसतो, त्या सर्व डॉक्टरांना,



मी 31 वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. त्यातली शेवटची 12 वर्षं अतिदक्षता विभागात गेली. तुमच्यापैकी अनेकांसारखे डॉक्टर माझ्यासमोर इंटर्न म्हणून आले, रात्रपाळ्या करून शिकले आणि आपापल्या गावी दवाखाने थाटून बसले. तुमच्यावर कामाचा किती भार असतो, हे मला ठाऊक आहे. पोळ्यानंतरच्या दिवसांत सकाळपासून दीडशे रुग्ण बघणारे डॉक्टर मी पाहिलेत. तेव्हा हे पत्र दुरून बोट दाखवायला लिहिलेलं नाही. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या भावाच्या बाबतीत जे झालं, ते मनातून जात नाही. म्हणून लिहिते आहे.

माझा भाऊ 54 वर्षांचा. काटोलकडे आमची थोडी संत्र्याची बाग, बाकी पऱ्हाटी आणि तूर. महालक्ष्म्या झाल्या आणि चार दिवसांनी त्याला ताप भरला. डोकं फुटेल असं दुखत होतं, अंग ठेचल्यासारखं झालं होतं. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी वहिनीचा मला फोन आला. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, असे रिपोर्ट होते. मी म्हटलं, "मग व्हायरल असेल, दोन दिवस बघा." हे वाक्य माझं आहे आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कुणावर टाकणार नाही. पाचव्या दिवशी विडाल चाचणी झाली. ती पॉझिटिव्ह आली आणि टायफॉइडचं निदान झालं. सलाईनमधून सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू झालं. ताप उतरेना, तेव्हा जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन आलं. उलट्या होत होत्या म्हणून ऑन्डनसेट्रॉन दिवसातून तीनदा. सातव्या दिवशी भाऊ फोनवर म्हणाला, "बाई, मले चक्कर येऊन राह्यली. छातीत मंधीमंधी थांबल्यावानी होते." त्याच संध्याकाळी मी त्याला नागपूरला आणायला लावलं.

कॅज्युअल्टीच्या खाटेवर त्याचं मनगट मी हातात घेतलं. अंगात 103 ताप आणि नाडी 54. तापात नाडी पळायला हवी, ही तर रेंगाळत होती. तीन ठोके, मग रिकामी जागा. चार ठोके, मग रिकामी जागा. काळजाचा ठोका चुकला, असं आपण भीतीच्या प्रसंगी सहज म्हणतो. माझ्या बोटांखाली तो खरोखर चुकत होता. ईसीजीच्या पट्टीवर दिसलं की वरच्या कप्प्यातून निघालेला संदेश खाली पोचायला दर ठोक्याला थोडा थोडा उशीर करतो आहे आणि शेवटी एक ठोका गळतो आहे. शिवाय क्यूटीचं अंतर 500 मिलिसेकंदांच्या वर गेलेलं.

त्याचे घामाने भिजलेले कपडे बदलताना पायजम्याची नाडी सोडली, तर गाठीच्या बरोबर खाली एक खूण होती. करंगळीच्या नखाएवढी, काळी, कोरडी खपली आणि तिच्याभोवती लालसर कडं. सिगारेटचा चटका दिल्यासारखी. भावाला तिचा पत्ताच नव्हता, कारण ती दुखत नाही, खाजतही नाही. सात दिवसांत त्याला तीन ठिकाणी तपासलं होतं. तिन्ही ठिकाणी स्टेथोस्कोप सदऱ्यावरूनच लागला होता.

स्क्रब टायफस. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, लेव्होफ्लॉक्सासिन आणि ऑन्डनसेट्रॉन बंद केलं, पोटॅशियम कमी होतं ते भरून काढलं. दोन दिवसांत ताप उतरला. गळणारे ठोके जागेवर यायला सहा दिवस लागले. भाऊ घरी आला, हिंडतो-फिरतो आहे. पण हृदय सावरेपर्यंत त्या सहा रात्री मी मॉनिटरकडे बघत काढल्या आणि माझ्या डोळ्यांपुढे सतत दुसरीच एक खाट होती.

ते वर्ष 2018. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपुरात स्क्रब टायफसचे रुग्ण एकामागून एक येत होते. विदर्भातल्या जिल्ह्यांतून येत होते, शेजारच्या मध्य प्रदेशातूनही येत होते. बऱ्याच जणांना आणेपर्यंत दुसरा आठवडा लागलेला असे. फुप्फुसं पाण्याने भरलेली, मूत्रपिंडं थकलेली, काही जण बरळत असलेले. त्यांत 30-35 वर्षांची एक शेतमजूर बाई होती. निंदणाला जाणारी. औषध सुरू झाल्यावर तिचा ताप उतरला, ती पेज प्यायली, मुलीशी बोलली. खाटांची ओढाताण होती, म्हणून तिला मॉनिटरवरून काढून साध्या वॉर्डात हलवलं. रात्री संडासाकडे जाताना ती कोसळली आणि पुन्हा उठली नाही. नेमकं काय झालं, हे कुणीही खात्रीने सांगू शकलं नाही. सांगणार कसं? भरती झाल्या दिवशीच्या ईसीजीनंतर तिची दुसरी पट्टी कुणी काढलीच नव्हती. संध्याकाळचा राउंड संपताना मी तिचं मनगट धरलं असतं तर मला काही कळलं असतं का, हा प्रश्न माझ्यासोबत निवृत्त झाला.

आता माझ्या तक्रारी आणि मागण्या.

पहिली मागणी कपड्यांची. हा आजार ज्या किड्यामुळे होतो, तो इतका बारीक आहे की डोळ्यांना दिसणं कठीण. ती माइटची अळी. गोचीड नव्हे, पिसू नव्हे. वर्तमानपत्रांत दर वर्षी ही गल्लत होते आणि लोक गुरांच्या गोचिडीच्या मागे लागतात. सहा पायांची, नारिंगी-लाल अळी गवताच्या पात्यावर चढून बसते आणि उंदराची किंवा चिचुंद्रीची वाट बघते. त्यांच्याऐवजी धुऱ्यावर गवत कापणारा माणूस आला तर त्याला धरते. आयुष्यात ती एकदाच असं चावते, तेही रक्तासाठी नव्हे, त्वचेतल्या रसासाठी. पुढे मोठी झाली की जमिनीतच राहते, बाकीच्या किड्यांची अंडी खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जंतू तिच्या अंगात आईच्या अंड्यातूनच आलेला असतो. अळी पायावर चढली तरी तिथे थांबत नाही. कातडी जिथे मऊ आणि ओलसर असते किंवा कपडा जिथे घट्ट बसतो, तिथवर सरकत जाते. म्हणून खूण सापडते ती काखेत, जांघेत, स्तनांखाली, कानामागे, लिंगाच्या त्वचेवर. आणि कमरेवर, परकराची, सलवारीची, पायजम्याची नाडी जिथे आवळलेली असते तिथे.

साहेब, पूर्वी आमच्याकडे डॉक्टरकडे जाण्याला "नाडी दाखवून येतो" म्हणत. मी तुम्हाला दोन्ही नाड्या बघा म्हणते आहे. कमरेची सोडून बघा आणि मनगटावरची धरून बघा. भावाच्या आजारात या दोन्हींना सात दिवस कुणाचा हात लागला नाही.

बायकांच्या बाबतीत हे अवघड आहे, मला कळतं. पुरुष डॉक्टरने लुगडं सैल करायला सांगितलं तर गावात काय बोललं जाईल, ही भीती दोन्ही बाजूंना असते. पण तुमच्या दवाखान्यात सिस्टर आहे, आशाताई आहे. पडदा ओढून त्यांना दोन मिनिटं द्या. काय शोधायचं ते एकदा फोटो दाखवून शिकवा. ओल्या जागी, जांघेत वगैरे, काळी खपली निघून गेलेली असते आणि नुसती पिवळट उथळ जखम दिसते, हेही सांगा. सावळ्या कातडीवर भोवतालचं लाल कडं चटकन उठून दिसत नाही, म्हणून उजेड चांगला हवा. आणि खूण सापडली नाही म्हणून आजार नाही, असं ठरवू नका. आपल्याकडे कित्येक रुग्णांत ती मुळी सापडतच नाही.

दुसरी तक्रार विडालची. टायफस आणि टायफॉइड या दोन नावांनी किती घोटाळा केला आहे! नातेवाइकांचा होतो तो समजू शकते. कागदावर टायफस लिहिलेलं असताना "टायफॉइड झाला होता" असं सांगत येणारी माणसं मी शेकड्याने पाहिली. पण दवाखान्यात तो घोटाळा विडालच्या आडून शिरतो. आपल्या भागात एकाच वेळी काढलेल्या विडालवर किती विसंबायचं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी ती काढली जाते, कारण ती स्वस्त आहे आणि रुग्णाच्या हातात काहीतरी नाव देता येतं. त्या नावाची किंमत फार पडते. टायफॉइडवर चालणारं सेफ्ट्रिअॅक्सोन स्क्रबच्या जंतूवर चालत नाही. हा जंतू पेशीच्या आत जाऊन राहतो आणि त्या वर्गातल्या औषधांना दाद देत नाही. म्हणजे रुग्णाला सलाईन लागलेली असते, महागडं इंजेक्शन जात असतं, घरचे समाधानात असतात आणि जंतूला रान मोकळं मिळालेलं असतं.

स्क्रबची आयजीएम चाचणी पहिल्या दिवसांत नकारार्थी येऊ शकते, कारण शरीराला प्रतिद्रव्यं तयार करायलाच वेळ लागतो. म्हणूनच आयसीएमआरने 2015 साली काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे की पाच दिवस किंवा जास्त टिकलेला, कारण न सापडलेला ताप असेल तर रिकेट्सिया गटाचा आजार मनात धरावा आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करावं. औषध कोणतं, तर डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाला 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. एका कॅप्सूलची किंमत काही रुपये. सलाईनच्या एका बाटलीपेक्षा अख्खा कोर्स स्वस्त पडावा अशी गोष्ट. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, दूध आणि अॅसिडिटीच्या औषधासोबत घ्यायची नाही, एवढं कंपाउंडरने नीट सांगितलं की झालं. ती लिहून द्यायला पाचव्या दिवशी हात का थांबतो?

तिसरी गोष्ट हृदयाची. मी हे पत्र लिहायला बसले तीच मुख्यतः तिच्यासाठी, कारण तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

स्क्रब म्हटलं की फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांची नावं निघतात. गोरखपूरकडे मुलांच्या मेंदूज्वरामागे हा जंतू मोठ्या प्रमाणावर सापडला, तेव्हापासून मेंदूकडे तरी लक्ष जाऊ लागलं. हृदय मागेच राहिलं. खरं तर हे ज्ञान जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हजारो सैनिकांना या तापाने गाठलं, तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. 1948 मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडलं, ते नंतर. त्या काळी मेलेल्या सैनिकांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूंच्या तंतूंमधल्या जागेत सूज सापडली होती. कारण हा जंतू घर करतो तो बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात. असं अस्तर नाही असा एकही अवयव नाही. हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि ठोक्याचा संदेश नेणारे धागे त्या स्नायूतूनच जातात. म्हणून कुणाची नाडी तापाच्या मानाने मंद राहते, कुणाचे ठोके गळतात, कुणाच्या वरच्या कप्प्यांना कंप सुटून नाडी पूर्ण बेताल होते. त्याला तुम्ही एट्रियल फिब्रिलेशन म्हणता. दक्षिण कोरियात हा आजार भरपूर आहे. तिथल्या आरोग्यविम्याच्या देशभरच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा स्क्रबच्या आजारात नव्याने असा कंप सुटलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

मला भीती पसरवायची नाही. बहुतेक रुग्णांच्या हृदयाला काही होत नाही. तापातली मंद नाडी तेवढ्यापुरतीच असली तर बहुधा आपोआप सुधारते, आणि वेळेवर औषध मिळालं तर सुजलेलं हृदयही सावरतं. पण कोणाचं बिघडतं आहे, हे कळायला कुणीतरी मनगट धरायला हवं. बोटाला लावायचं यंत्र एक आकडा दाखवतं. त्या आकड्यात गळालेला ठोका दिसत नाही, कारण यंत्र सरासरी काढतं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तरी तो निसटतो. पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. परिचारिकेच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच शिकवतात आणि नंतर आम्हीही विसरतो, म्हणून माझ्या सिस्टर मैत्रिणींनाही मी इथेच सांगून ठेवते.

नाडी अडखळली, फार मंद किंवा फार जलद वाटली, रुग्ण धाप लागते, चक्कर येते, "छातीत थांबल्यावानी होते" म्हणाला, तर ईसीजी. तो वाचायला अडचण वाटली तर फोटो काढून ओळखीच्या फिजिशियनला पाठवा. त्यात कमीपणा कसला? रात्री दोन वाजता आलेले असे फोटो बघून उत्तर देणारे मोठे डॉक्टर मी जवळून पाहिलेत.

याच्याशी जोडलेली गोष्ट औषधांच्या भाराची. ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हायला जो वेळ घेतं, तो पट्टीवर क्यूटी म्हणून दिसतो. तो लांबला की हृदय एका घातक, पिळवटलेल्या लयीत जाऊ शकतं. उलटीचं ऑन्डनसेट्रॉन तो लांबवतं. लेव्होफ्लॉक्सासिन लांबवतं. अॅझिथ्रोमायसिन लांबवू शकतं. क्लोरोक्विनही. चार दिवस उलट्या आणि उपास झालेल्या माणसाचं पोटॅशियम, मॅग्नेशियम आधीच उतरलेलं असतं आणि तेही त्याच दिशेला ढकलतं. त्यात हृदय जंतूने सुजलेलं. अशा माणसाच्या एकाच चिठ्ठीवर यांतली तीन औषधं मी पाहिली आहेत. प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर होतं. पण त्यांना एकत्र बघणारं कुणी नव्हतं.

अॅझिथ्रोमायसिन वाईट, असं म्हणण्याचा माझा हेतू नाही. गरोदर बाईला स्क्रब झाला तर तेच औषध द्यावं लागतं आणि ते काम करतं. 2023 साली भारतातल्या सात रुग्णालयांत मिळून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर रुग्णांना डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून दिल्यावर एकेकट्या औषधापेक्षा चांगला गुण आला. आठवड्यानंतर उरणारी गुंतागुंत कमी झाली, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. हे वाचून आपल्याकडे दोन्ही औषधं सर्रास दिली जातील, आणि गंभीर रुग्णाला द्यावीतही. माझी विनंती इतकीच की अॅझिथ्रोमायसिनच्या आधी एक ईसीजी निघावा, सुरू झाल्यावर दुसरा निघावा आणि त्याच वेळी उलटीच्या औषधाचा, लेव्होफ्लॉक्सासिनचा पुन्हा विचार व्हावा. डॉक्सिसायक्लिन या बाबतीत बरंच निर्धोक आहे. ज्याचा क्यूटी आधीच लांबला आहे, त्याच्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

सलाईनबद्दल बोलल्याशिवाय विदर्भातलं पत्र पुरं होणार नाही. "साहेब, एक बाटली लावून द्या, अशक्तपणा आला" हे आमचेच लोक म्हणतात, तुम्ही नाही. तुम्ही नाही म्हटलं तर समोरच्या दवाखान्यात जातात. हा दोष आमचा आहे आणि तो मी मान्य करते. पण या तापात बारीक रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात आणि हृदय दमलेलं असू शकतं. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला पाणी द्यावंच लागतं, पण ते मोजून. चालत आलेल्या माणसाला केवळ समाधानासाठी दिवसाला तीन बाटल्या चढवल्या तर ते पाणी फुप्फुसात उतरतं. 2018 मध्ये धाप लागून आलेल्या कित्येकांच्या हाताला आधीच्या दवाखान्यातल्या सुईच्या चार-चार जागा होत्या.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही दोन शब्द. ताप उतरला म्हणजे हृदय निवलं, असं नसतं. पट्टीवर एकदा जरी बिघाड दिसला असेल, तर ताप गेल्यावरही मॉनिटर लगेच काढू नका. खाट द्यायचीच असेल तर निदान दर पाळीला नाडी मोजण्याची सूचना केसपेपरवर लिहा, मोठ्या अक्षरांत. सुट्टी देण्याआधी ईसीजी काढा आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा बोलवा. सुट्टीच्या कागदावर "ॲक्यूट फेब्राइल इलनेस" असं लिहून मोकळं होऊ नका. स्क्रब टायफस लिहा, हृदयाला काय झालं होतं ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच माणसाला सर्दी-खोकला होईल आणि कुणीतरी त्याला अॅझिथ्रोमायसिन देईल. त्या वेळी त्या कागदाशिवाय त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नसेल.

आणि रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठी द्या. रिकामी नाही. कोणती औषधं, किती वाजता, कितव्या दिवसापासून. भावासोबत आलेल्या चिठ्ठीवर फक्त "हायर सेंटर" लिहिलेलं होतं. औषधांची नावं मी त्याच्या पिशवीतल्या रिकाम्या पाकिटांवरून आणि सलाईनच्या बिलावरून जुळवली. मी सिस्टर होते म्हणून जुळवली. त्या निंदणाऱ्या बाईच्या मुलीने कशी जुळवली असती?

आरोग्य खात्याकडे माझी मागणी छोटी आहे. आरोग्य केंद्रांत ईसीजीची मशीन आहे, असं कागद सांगतात. कधी तिचा कागदाचा रोल संपलेला असतो, कधी जेली, कधी चार्जिंगच होत नाही, कधी ती कपाटात असते आणि किल्ली रजेवर गेलेल्याकडे. जुलै ते दिवाळी एवढे महिने तरी मशीन बाहेर टेबलावर, चालू स्थितीत राहू द्या. डॉक्सिसायक्लिनचा साठा संपू देऊ नका. आणि रुग्ण सापडल्याची बातमी आली की नुसती धूरफवारणी करून फोटो काढू नका. ही अळी डासासारखी हवेत उडत नाही. घराजवळचं गवत काढणं, गोठ्याकडेचे उंदीर आवरणं, शेतातून आल्यावर कपडे धुवायला टाकून अंगाला साबण लावून आंघोळ करणं, गवतावर तसंच न बसणं, हे आशाताईंच्या तोंडून घराघरांत गेलं पाहिजे.

डॉक्टरसाहेब, मी जे मागते आहे त्यातलं बरंचसं फुकटातलं आहे, पण वेळ खाणारं आहे, हे मला कळतं. दीडशे रुग्णांच्या रांगेत एकेक मिनिट म्हणजे अडीच तास. म्हणून सगळ्यांसाठी मागत नाही. ज्याचा ताप पाच दिवसांच्या वर गेला आहे, जो शेतातून, रानातून, गवतातून आला आहे, त्याच्यासाठी मागते. असे दिवसाला आठ-दहा असतील. भावाला गावात तपासणारे डॉक्टर चांगले आहेत. आमच्या घरची तीन बाळंतपणं त्यांनी निभावली. मी नंतर त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भावाच्या कमरेवरचा पांढरट पडलेला डाग बोट लावून पाहिला. त्यांच्या टेबलावर आता सेकंदकाट्याचं घड्याळ आलं आहे.

भावाच्या पहिल्या रात्रीची ईसीजीची पट्टी माझ्याकडे आहे. त्या कागदावरच्या रेघा हळूहळू उडतात, म्हणून वेळेत तिची झेरॉक्स काढून ठेवली. तीन ठोके आणि गळालेल्या ठोक्याची जागा तिच्यावर स्पष्ट दिसते. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांची बैठक असेल, आशाताईंचं प्रशिक्षण असेल, आणि तिथे ती कुणाला बघायची असेल, तर निरोप द्या. एसटीने येईन.



आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
काटोल तालुका, जि. नागपूर